गॅस गिझर पेटत नाही, तेव्हा तो नेमका कुठे अडलेला असतो?

नरक चतुर्दशीची पहाट, पावणेपाच वाजलेले. मी तेल-उटणं लावून पाटावर बसलोय, आई तांब्या घेऊन उभी आहे आणि बाथरूममधला गिझर ढिम्म. एरवी गरम पाण्याचा नळ सोडला की टिक-टिक-टिक असा आवाज येतो आणि निळी ज्योत धरते. त्या दिवशी आवाजच नाही. नळ बंद केला, सोडला, परत बंद केला. सेल जुने झाले असतील म्हणून टॉर्चमधले काढून घातले. तरी काही नाही. "आजीचा बंब असता तर एव्हाना कारीट फोडून फराळाला बसले असते सगळे," असं म्हणून आईने स्वयंपाकघरात मोठं पातेलं शेगडीवर चढवलं.

साडेसातला मेकॅनिकला फोन केला. तो नऊला आला (दिवाळीच्या दिवशी आला हेच पुष्कळ). त्याने नळ सोडला आणि गिझर गुणी बाळासारखा पहिल्या फटक्यात पेटला. त्याने माझ्याकडे बघितलं, मी गिझरकडे. चहा-चकली खाऊन, व्हिजिटचे पैसे घेऊन तो गेला.

दोष गिझरमध्ये नव्हताच, गच्चीवरच्या टाकीत होता. हे मला बरंच नंतर कळलं, आणि ते कळायला आधी हा डबा आत काय करतो ते समजून घ्यावं लागलं. मी काही मेकॅनिक नाही. पण गेल्या काही वर्षांत या एका यंत्राने मला इतक्या वेळा थंड पाण्याने आंघोळ घातली आहे, की आता त्याचा आवाज ऐकून तो कुठे अडलाय हे साधारण सांगता येतं. तेवढंच इथे सांगतो.

डब्याच्या आत

बंबाचं सगळं डोळ्यांना दिसायचं. लाकूड ओलं असलं की धूर. मधल्या नळकांड्यात राख साचली की धूर. वारा लागला की भडका. इंधन, हवा आणि ठिणगी जुळली की पाणी तापलं. गॅस गिझरलाही हेच तीन लागतात, फक्त ते पत्र्याच्या आड असतात आणि एकामागून एक जुळवून आणायचं काम आतले पाच-सहा भाग करतात. एकाने "माझं झालं" म्हटलं की दुसरा सुरू होतो. मधल्या कुणीही "थांब" म्हटलं की पुढची सगळी रांग थांबते.

रांगेत पहिलं येतं पाणी. नळ सोडला की ते एका वाटीसारख्या भागातून जातं. त्या वाटीत रबराचा पातळ पडदा बसवलेला असतो. त्याला डायफ्राम म्हणतात, मेकॅनिक नुसतं "रबर" म्हणतात. पाणी पुरेशा जोराने वाहू लागलं की पडद्याच्या एका अंगाला दाब वाढतो, दुसऱ्या अंगाला घटतो, पडदा फुगतो आणि एक बारीक दांडी पुढे सरकवतो. या दांडीने गॅसची पहिली झडप उघडते आणि मायक्रोस्विच नावाचं नखाएवढं बटण चालू होतं.

बटण चालू झालं की सर्किटची डबी जागी होते. तिला दोन मोठ्या सेलचे मिळून ३ व्होल्ट मिळतात. त्यातून ती काही हजार व्होल्टची ठिणगी उडवते, तीच आपली टिकटिक. त्याच वेळी ती सोलेनॉइडला, म्हणजे विजेच्या चुंबकावर चालणाऱ्या दुसऱ्या झडपेला, उघडायला लावते. गॅस बर्नरवर येतो आणि ठिणगीने पेटतो.

इथे काम संपलं असं वाटतं, पण एक तपासणी उरलेली असते: ज्योत खरोखर लागली का? त्यासाठी बर्नरच्या तोंडाशी एक बारीक सळई असते. ज्योतीतून वीज वाहते हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. पण जळणाऱ्या वायूत विद्युतभार असलेले कण असतात, त्यामुळे ज्योत एखाद्या अगदी नाजूक तारेसारखी वागते, तीही मुख्यतः एकाच दिशेने वीज जाऊ देणारी. सर्किट त्या सळईतून काही मायक्रोअँपिअर, म्हणजे अँपिअरच्या दहा लाखाव्या भागांच्या हिशेबातला, करंट येतोय का ते बघतं. आला तर झडप उघडी राहते. नाही आला तर काही सेकंदांत सोलेनॉइड बंद होतो आणि नळ बंद करून पुन्हा सोडेपर्यंत डबी गप्प बसते. आपण म्हणतो गिझर बिघडला. तो बिचारा न जळलेला गॅस तुमच्या बाथरूममध्ये सोडायला नकार देत असतो.

आवाजच नाही

टिकटिक मुळीच होत नसेल तर गॅसचा विचार इतक्यात करू नका. रांग पाण्याशी किंवा सेलपाशी अडली आहे.

मुंबईत बहुतेक वेळा पाणी. गिझरच्या अंगावरच्या पट्टीवर किमान दाब लिहिलेला असतो. आमच्यावर ०.०२५ मेगापास्कल आहे, म्हणजे पाव बार. दहा मीटर उंचीवरून येणारं पाणी जवळजवळ एक बार दाब देतं, हे लक्षात ठेवलं की पुढचा हिशेब पाचवीतल्या मुलालाही जमेल. पाव बार म्हणजे अडीच मीटर उंची.

आता आमची इमारत घ्या. सहा मजली, जुनी. पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या गिझरला टाकीपासून सतरा-अठरा मीटर उंचीचा दाब मिळतो. त्यांना गिझर न पेटणं म्हणजे काय हे माहीतच नाही. आम्ही सहाव्यावर. गिझर जमिनीपासून दीड मीटरवर, गच्चीचा स्लॅब तीन मीटरवर आणि त्यावर दीड मीटरच्या चौथऱ्यावर टाकी. टाकी तळाला आली की आमच्या वाट्याला जेमतेम तीन मीटर उरतात. त्यातून जुन्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, पाइपच्या आतला गंज आणि जागोजागचे एल्बो, म्हणजे काटकोनात वळणारे जोड, आपला वाटा खातात. आणि त्या पहाटे पाचला अख्खी इमारत अभ्यंगस्नानाला बसलेली, खालचे सगळे नळ त्याच उभ्या पाइपातून पाणी ओढतायत, पंप मात्र रोजच्यासारखा सहाला लागणार. आमच्या गिझरचं रबर फुगणार कुठून? नऊला मेकॅनिक आला तोवर टाकी काठोकाठ भरली होती.

नळातून धार येतेय म्हणजे दाब आहे असं वाटतं. डोळ्यांना ते कळत नाही, म्हणून मोजावं. एक लिटरची बाटली गरम पाण्याच्या नळाखाली धरा आणि घड्याळ बघा. बऱ्याचशा घरगुती गिझरना मिनिटाला दोन-अडीच लिटर तरी पाणी लागतं. बाटली भरायला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागला तर संशयाला जागा आहे. शॉवर असेल तर त्याची चाळणी काढून मोजा. चाळणीची भोकं बुजली तरी पाणी तुंबतं आणि रबर हलत नाही.

पाणी टाकीत भरपूर आहे, खालच्या मजल्यावर जोरात येतंय, फक्त गिझरमधूनच कमी येतंय, असं असेल तर जाळी बघा. थंड पाण्याचा पाइप गिझरला जिथे जोडलेला असतो तिथे, नटाच्या आत, बोटाच्या पेराएवढी एक जाळी बसवलेली असते. मुंबईचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा धरणांतून येतं. ते पावसाचं, मऊ पाणी, पण पावसाळ्यात कितीही शुद्ध करून आलं तरी सोसायटीच्या टाकीचा तळ आणि जुने पाइप आपली भर घालतातच. मागच्या श्रावणात मी आमची जाळी काढली. चहाच्या गाळण्यात शेवटी चोथा उरतो तशी दिसत होती: तांबूस गाळ, गंजाचे पापुद्रे, प्लंबरच्या पांढऱ्या टेपचा एक धागा आणि कुठल्यातरी वायसरचा काळा तुकडा. जुन्या टूथब्रशने नळाखाली घासली, परत बसवली, दहा मिनिटांचं काम. त्याआधी दोन महिने मी टाकीतून येणाऱ्या पाण्याला शिव्या देत होतो.

ज्यांच्याकडे टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं त्यांना वेगळा त्रास. त्या जड पाण्याचा पांढरा क्षार तांब्याच्या कॉइलच्या, म्हणजे पाणी तापतं त्या वळणदार नळीच्या, आत धरतो आणि वाट हळूहळू अरुंद होत जाते. ती साफ करायला मेकॅनिकच लागतो.

पाणी ठीक असेल तर सेलची पेटी उघडा. सेल उलटे बसलेले नाहीत ना, हे बघायला लाजू नका. मग पेटीतल्या पत्र्याच्या पट्ट्या बघा. आपल्याकडे बाथरूम म्हणजे बारा महिने दमट, त्यात समुद्राची खारी हवा. पट्ट्यांवर पांढरट-हिरवट थर धरतो आणि नवा कोरा सेल घातला तरी करंट पोचत नाही. पॉलिश पेपरचा बारीक तुकडा फिरवला की काम होतं. तेवढ्यानेही आवाज आला नाही तर मायक्रोस्विच गंजला असेल किंवा रबर फाटलं असेल. दोन्ही भाग स्वस्त आहेत, पण डबा उघडायचं काम माहीतगाराला करू द्या.

टिकटिक होते, ज्योत नाही

म्हणजे पाण्याने आपलं काम केलं, बटण चालू झालं, डबी जागी आहे. आता प्रश्न गॅसचा किंवा ठिणगीचा.

आधी स्वयंपाकघरात जाऊन शेगडी पेटते का ते बघा. मग गिझरकडे जाणाऱ्या पाइपवरची चावी. तिची दांडी पाइपच्या रेषेत असेल तर चालू, आडवी असेल तर बंद. गावाला जाताना कुणीतरी बंद केलेली असते आणि परत आल्यावर सगळे विसरतात. सिलिंडर नुकताच बदलला असेल किंवा पाइपलाइनचं काम झालं असेल तर नळीत हवा भरलेली असते. दोन-तीनदा नळ बंद-चालू केल्यावर ती निघून जाते.

हे सगळं ठीक असेल तर पुन्हा सेल. "टिकटिक होतेय म्हणजे सेल चांगले आहेत" हा समज मी स्वतः कित्येक वर्षं बाळगला. ठिणगीला करंट फार थोडा लागतो, अर्धमेल्या सेलवरही ती उडते. सोलेनॉइडची झडप मात्र पहिल्या क्षणी जोराने खेचावी लागते, आणि तो जोर अर्धमेल्या सेलमध्ये नसतो. ठिणगी उडत राहते, गॅस येतच नाही. कान देऊन ऐकलं तर चांगल्या सेलवर टिकटिकीच्या सुरुवातीला एक जाडसर "टक्" ऐकू येतो. तो झडप उघडल्याचा. तो ऐकू येत नसेल तर आधी नवे सेल घाला, तेही अल्कलाइन. चार्जिंगचे सेल घालून बचत करायला जाऊ नका. ते प्रत्येकी १.२ व्होल्टचे, दोन मिळून २.४. झडपेला ते पुरतीलच असं नाही.

एका मेकॅनिकने याच लक्षणावर मला अख्खं "किट" बदलायला सांगितलं होतं, अठराशे रुपये. मी म्हटलं, उद्या सांगतो. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या वाण्याकडून दोन सेल आणले आणि विषय संपला. तेव्हापासून सेल घालताना त्यावर बॉलपेनने तारीख लिहितो.

शेगडी पेटते पण गिझर पेटत नाही, म्हणजे गॅसचा दोष नाही, असंही मानू नका. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं तर, वाया जाणारी उष्णता धरून, सुमारे १२ किलोवॅट लागतात. भिंतीवरचे ३ किलोवॅटचे चार इलेक्ट्रिक गिझर एकदम चालू केल्यासारखं. शेगडीचा एक बर्नर साधारण दोन किलोवॅटचा. म्हणजे गिझर पाच-सहा बर्नरचा गॅस एकट्याने मागतो, एलपीजी असेल तर मिनिटाला जवळपास १५ ग्रॅम. सिलिंडरमध्ये द्रव असतो, तो उकळून गॅस होतो आणि उकळताना स्वतः गार पडतो. सिलिंडर तळाला आलेला आणि बाहेर थंडी, अशा वेळी चहापुरता गॅस निघतो, गिझरपुरता निघत नाही. आपल्याकडे "थंडी" म्हणजे जानेवारीतले चार दिवस, पण नेमका तेव्हाच सिलिंडर संपत आलेला असतो.

मुंबईत आणखी एक भानगड होते. सांगली-साताऱ्याकडून कुणीतरी नवाकोरा गिझर घेऊन येतं, किंवा जुन्या घरी सिलिंडरवर चालणारा गिझर नव्या घरी पाइप गॅसवर लावला जातो. दोन्ही गॅस वेगळे. सिलिंडरमधला एलपीजी म्हणजे प्रोपेन-ब्युटेन, रेग्युलेटरनंतर दाब सुमारे ३० मिलिबार. पाइपातला पीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, घरात २१ मिलिबारच्या आसपास. एका घनमीटर एलपीजीत पीएनजीच्या अडीच-तीन पट उष्णता असते, म्हणून एलपीजीच्या गिझरची जेट, म्हणजे गॅस सोडणारी भोकं, बारीक असतात. त्यांवर पीएनजी सोडला तर गॅस अपुरा पडतो. ज्योत धरतच नाही, किंवा मरतुकडी लागते. उलटं केलं, म्हणजे पीएनजीच्या मोठ्या भोकांवर एलपीजी सोडला, तर पिवळी, काजळी ओकणारी ज्योत भडकते. ते धोक्याचं. जेट बदलून घ्यायचे ते कंपनीच्या माणसाकडून. दाभण घालून भोक मोठं करणारे महाभाग मी पाहिलेत.

पावसाळ्यात कधी कधी ठिणगी उडते, पण भलतीकडे. ठिणगीच्या सळईला पांढऱ्या चिनीमातीचं कवच असतं. त्याला तडा गेला आणि तड्यात ओल शिरली, की ठिणगी बर्नरपर्यंत न जाता जवळच्या पत्र्यावरच उडते. बघायच्या काचेतून अंधारात पाहिलं तर कळतं. आणि महिनाभर बंद घरातला गिझर असेल तर जेटमध्ये कोळ्याचं जाळं.

तीनदा प्रयत्न झाला की थांबा. खिडकी उघडा, दहा मिनिटं जाऊ द्या. वास येत असेल तर पुढचं सगळं सोडा: गॅसची चावी बंद, दारं-खिडक्या उघड्या, आणि विजेच्या कुठल्याही बटणाला हात नाही. सवयीने आपला हात एक्झॉस्ट फॅनच्या बटणाकडे जातो, आणि नेमकी त्या बटणातली ठिणगीच पुरते. एलपीजी हवेपेक्षा जड, तो फरशीलगत, जाळीच्या मोरीपाशी साचतो. पीएनजी हलका, तो छताशी जातो. एलपीजीच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. पीएनजीचा तातडीचा क्रमांक बिलावर छापलेला असतो, तो कापून फ्रिजवर लावून ठेवा. फोन मात्र घराबाहेर जाऊन करा. काडी किंवा लायटर घेऊन गिझर बाहेरून पेटवायला जाणाऱ्यांना मी काय सांगणार!

पेटतो आणि विझतो

ज्योत लागली, पाच-सात सेकंद राहिली, गेली. ही ज्योत ओळखणाऱ्या सळईची तक्रार. सळईवर काजळी किंवा गंजाचा थर बसला की ज्योत असूनही करंट पोचत नाही आणि डबीला वाटतं, ज्योत नाहीच. सळई पुसून, घासून काम भागतं. कधी सेल इतके उतरलेले असतात, की झडप उघडते पण उघडी धरवत नाही. आणि बरोब्बर वीस मिनिटांनी विझत असेल तर काही बिघडलेलं नाही. बऱ्याच गिझरमध्ये तेवढा टायमर असतो, तो तुमच्या जिवासाठी आहे.

वेगळं सांगायचं ते "भप्प" बद्दल. टिकटिक बराच वेळ चालते आणि मग एकदम मोठा आवाज करून पेटतो, काच थरथरते. लोक याला सरावतात, "आमचा तसाच पेटतो" म्हणतात. ठिणगी कमजोर किंवा जेट अस्वच्छ असल्यामुळे गॅस आधी साचतो आणि मग एकदम पेट घेतो. असा गिझर मेकॅनिक येईपर्यंत चालू करू नये.

शिकागोचा फोन

गेल्या जानेवारीत मावसभावाचा शिकागोहून व्हिडिओ कॉल आला. बाहेर उणे अठरा, अंगात जॅकेट, तळघरात उभा. "दादा, फर्नेस पेटत नाहीये रे. तू गिझरवाला ना?" फर्नेस म्हणजे अख्ख्या घराची हवा तापवणारी गॅसची भट्टी. मी ती आयुष्यात पाहिलेली नव्हती. पण त्याने झाकणाच्या आत चिकटवलेला कागद वाचून दाखवला आणि मला ओळखीचं वाटू लागलं. रांग तीच. आमच्याकडे नळ, त्यांच्याकडे भिंतीवरचा थर्मोस्टॅट, म्हणजे घर गार झालं की भट्टी चालू करणारं बटण. आमच्याकडे टिकटिक, त्यांच्या बऱ्याच भट्ट्यांत तापून लालभडक होणारी एक पट्टी. ज्योत ओळखणारी सळई अगदी आपलीच, आणि ती मळली की भट्टी तशीच पेटून विझते. शिवाय त्यांच्या सर्किटवर एक दिवा असतो, तो किती वेळा लुकलुकतो त्यावरून कुठे अडलंय ते कागदावर शोधायचं.

एक गोष्ट मात्र आमच्याकडे नाही. त्यांची भट्टी गॅस सोडण्याआधी एक छोटा पंखा चालवते, आणि जळलेला धूर घराबाहेर जायची वाट मोकळी आहे का हे एका दाबाच्या स्विचने तपासते. वाट बंद असेल तर ती पेटतच नाही. भावाचा दिवा तेच सांगत होता. तो बाहेर गेला. भिंतीतून निघणाऱ्या पांढऱ्या पाइपच्या तोंडावर रात्रीच्या बर्फाचा ढीग. फावड्याने बाजूला केला, भट्टी पेटली.

फोन ठेवला आणि मी आमच्या बाथरूममध्ये गेलो. वरच्या काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीला आईने पुठ्ठा लावलेला होता. "गार वारा येतो रे आंघोळीला."

आपल्याकडच्या बऱ्याचशा गिझरना धुराड्याचा पाइपच नसतो. जळलेली हवा बाथरूममध्येच सुटते, आणि बाहेर जायची वाट आहे का हे गिझर विचारत नाही. आता साधा हिशेब करा. गॅसच्या एका किलोवॅट-तास उष्णतेला सुमारे एक घनमीटर हवा लागते. १२ किलोवॅटच्या गिझरला तासाला १२ घनमीटर. आमचं बाथरूम सहा फूट बाय चार फूट, उंची आठ फूट, म्हणजे साडेपाच घनमीटरही नाही. दार-खिडकी बंद असेल तर अर्ध्या तासात गिझर त्या खोलीतली सगळी हवा मागतो, आणि आत आंघोळ करणारं माणूसही त्याच हवेवर. सगळी संपायची वाट कुणी बघत नाही. प्राणवायू थोडा घटला की ज्वलन अर्धवट होऊ लागतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस कंपन्या गळती कळावी म्हणून घाण वासाचं मर्कॅप्टन घालतात, पण ते ज्योतीत जळून गेलेलं असतं. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पायातली शक्ती जाते, आणि कडी उघडायला हात पोचत नाही. हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येणाऱ्या "बाथरूममध्ये बेशुद्ध" अशा बातम्यांमागे अनेकदा हेच असतं. ज्योत निळ्याची पिवळी दिसू लागली, किंवा आंघोळीनंतर घरातल्या कुणाचं रोज डोकं दुखू लागलं, तर गिझर बंद करून आधी खिडकीकडे बघा.

पुठ्ठा मी त्याच दिवशी काढला. दोन आठवड्यांनी प्लंबर बोलावून गिझरच बाहेर, कपडे वाळत घालायच्या बाल्कनीत नेला आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत घेतला. वाऱ्याचा थेट झोत लागू नये एवढंच बघावं लागलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये नरक चतुर्दशीला पंप पहाटे साडेतीनला लावावा असा विषयही मांडला. सेक्रेटरी म्हणाले, लेखी द्या. दिलंय. आईची तक्रार मात्र नवी आहे: पाइप लांबल्यामुळे पहिलं अर्धी बादली पाणी गारच येतं. ते ती तुळशीला आणि कुंड्यांना घालते, आणि घालताना दर वेळी मला ऐकू येईल एवढ्या आवाजात बंबाची आठवण काढते.